पंख्याची कुरकुर

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३६



आजच्या श्लोकांत अर्जुन तक्रार करतो. देवांचं ध्यानाबद्दल सगळं सांगून झालंय, आणि हा म्हणतो की हे समत्व माझ्याकडून टिकेल असं काही दिसत नाही. मन फार चंचल आहे, ते आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड. ही वाऱ्याची उपमा मी आजवर कितीदा वाचली असेल. पण गेला महिनाभर माझं एका वाऱ्याशी खरोखरच भांडण चालू होतं, त्यामुळे या वेळी ती जरा वेगळी लागली. वारा म्हणजे लॅपटॉपच्या पंख्याचा. हसू नका, पुढे वाचा.

तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, पहाटे साडेपाचला आम्ही आठ-दहा जण ऑनलाइन बसतो आणि आळीपाळीने वाचतो. माझी पाळी आली की माझ्या आवाजाबरोबर एक घरघरही सगळ्यांकडे जायची. लॅपटॉप पाच वर्षांचा. आधी नुसती सूं-सूं होती, मग खरखर सुरू झाली, मग मधूनच कट-कट. एकदा एक ताई म्हणाल्या, "तुमच्याकडे पिठाची गिरणी एवढ्या लवकर सुरू होते का?" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

त्याच रात्री मी एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि पंख्याचा वेग अगदी खाली बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी आवाज गायब. कुणीतरी म्हणालंसुद्धा, आज किती स्वच्छ ऐकू येतंय. मी खूश. याच अध्यायात थोडं आधी देव सांगतात ना, वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत जशी हलत नाही तसं योग्याचं चित्त. म्हटलं, झाली आपली वारा नसलेली जागा तयार.

आता दुसरी गोष्ट. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आई भाजी घेऊन वर आली की दारातच टेकायची. "अरे, हल्ली जिना चढवत नाही बघ. दम लागतो." मी काय म्हणायचो? एकदा म्हटलं, चालायला जात जा. एकदा म्हटलं, आई, वाचन चालू आहे, नंतर. आणि एकदा, हे लिहिताना हात अडखळतोय, पण म्हटलंय ते म्हटलंय: "सारखी कुरकुर करू नये गं, नाम घे, बरं वाटेल."

त्यानंतर ती बोलायची थांबली. ती थांबली हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं. घरात हल्ली शांतता आहे असं मी रोजच्या वहीत लिहिलंय. तारीख आहे. खोडलेलं नाही.

लॅपटॉपने मात्र पंधरा दिवसांत दम टाकला. आधी हळू झाला, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववेना, आणि एका पहाटे वाचता वाचता स्क्रीन काळी. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला आधी आपला वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर मशीन बंदच पडतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवतो, त्याचाच पगार मिळतो.

शरणपूर रोडच्या बाजूला एका छोट्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या काकांनी मागचे स्क्रू काढले, आधी बॅटरीची वायर सोडवली, मग पंख्याला बोटाने हलकासा झटका दिला. तो दोन वेढे घेऊन अडकला.

"हा आधी आवाज करत असेल ना?"

"हो."

"मग आपोआप गप्प झाला?"

"नाही. मीच केला."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. बेअरिंग कोरडं पडलं होतं. त्यात मी वेग खाली बांधलेला, त्यामुळे कधी कधी पंखा सुरूच होत नव्हता. पंखा आणि जाळी यांच्या मधून त्यांनी चिमट्याने काहीतरी ओढलं, तर राखाडी नमद्याचा एक तुकडा अख्खा बाहेर आला. "घरात धूप लावता का?" लावतो. दोन्ही वेळा. मी बसतोच देवघराशेजारी. धुराचा चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ धरते, म्हणाले. शहरात २०२७ च्या सिंहस्थासाठी खोदाई चालू आहे, ती धूळ वेगळीच. आणि वर मी लॅपटॉप ठेवायचो घडी घातलेल्या गोधडीवर, म्हणजे खालून हवा आत घ्यायची वाटही बंद. (ध्यानाचं आसन स्वच्छ जागी, स्थिर, फार उंच नाही, फार सखल नाही, असं याच अध्यायात सांगितलंय. लॅपटॉपलाही तेच लागू आहे, फक्त मऊ काही अंथरू नका. खाली पाट ठेवा.)

काकांनी मला तांब्याची चपटी नळी दाखवली. प्रोसेसरवरून निघून ती जाळीपर्यंत जाते. ती भरीव नसते. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते. गरम टोकाशी त्या पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाशी पुन्हा पाणी, आणि आतल्या वातीसारख्या अस्तरातून ते परत गरम टोकाकडे. दिवसभर हा खेळ चालू, आवाज अजिबात नाही. आमच्या नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे इतके हंडे-कळशा पाहिल्यात, पण तांबं असंही राबत असेल हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि तरी ही नळी उष्णता फक्त जाळीपर्यंत पोचवते. बाहेर फेकणारा पंखाच. मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेऊन. सगळ्या घरात आवाज होतो तो त्या एकट्याचाच.

मी विचारलं, कधी दुर्लक्ष करायचं आणि कधी आणायचं? काका हात पुसत म्हणाले, आवाज कशाचा ते आधी ओळखा. जड काम चाललंय तेव्हा सूं-सूं वाढली आणि काम संपल्यावर उतरली, तर पंखा आपलं काम करतोय, त्याला हात लावू नका. काहीच काम नसताना सूं-सूं चालू असेल तर कचरा साठलाय, साफ करा. पण ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरागरा फिरू दिलीत तर बेअरिंग जातं. खरखर, कट-कट आली की पंखा बदला. लोक तेलाचा थेंब सोडतात, चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच.

"आणि गप्प झाला तर?"

"तर सगळ्यात आधी या."

नवा पंखा दुसऱ्या दुकानातून मागवायचा होता, दोन तास लागणार होते. स्कूटर काढली आणि रामकुंडावर जाऊन बसलो. संध्याकाळची वेळ, घंटा, लाउडस्पीकर, रिक्षा, पोरांच्या उड्या. पायरीवर एक आजी माळ ओढत होत्या, त्यांना कशाचाच त्रास नव्हता. द्रोणातले दिवे पाण्यावर सोडले जात होते आणि वाऱ्याने दोन हातांवर जाऊन विझत होते. मला पुन्हा ती न हलणारी ज्योत आठवली. ज्योतीला वाऱ्यापासून आडोसा हवा, हे खरं. पण माझ्या मशीनला वाराच हवा होता आणि मी तोच बंद केला, कारण मला हवी होती ती शांतता मशीनची नव्हती, माझी होती. आत शंभर अंश आणि बाहेर चिडीचूप. वरवर इंद्रियं आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला देव तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हणतात. तो बिचारा निदान स्वतःलाच आवरतो. मी दुसऱ्याला आवरलं आणि त्याला शांतता म्हटलं.

तिथे बसल्या बसल्या आई आठवली. आठवली म्हणजे, पोटात गोळा आला.

तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणणार, पण भक्ताने कुरकुर करू नये हे आपण रोज वाचतो, मग सहनशीलतेचं काय? मीही हेच वाचून मोठा झालो, आणि ते चूक आहे असं मला आजही वाटत नाही. पण ते माझ्या जिभेसाठी आहे. मी माझं दुखणं गिळलं तर ती कदाचित साधना होईल. आईला तिचं गिळायला लावलं तर तिला साधना कशी म्हणायची? ती नुसती माझी सोय. गंमत म्हणजे दोन्हीला शब्द एकच वापरता येतो, आणि आपण सत्संगातली माणसं तो फार पटकन वापरतो.

आता अर्जुनाकडे बघा. गीतेचा पहिला अध्याय त्याचा विषाद आहे. हात-पाय गळाले, तोंड कोरडं पडलं, धनुष्य हातातून निसटतंय, सगळं तो सांगतो. त्या अध्यायात भगवंत बोलतात किती? एकदाच, तेही जमलेल्या कौरवांकडे बघ एवढंच. बाकी ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत खडसावतात हे खरं, पण त्यावर अर्जुन पुन्हा बोलतो आणि तेही ऐकून घेतात. उपदेश त्याच्यानंतर. आजच्या श्लोकांतही तसंच. मन आवरत नाही म्हटल्यावर देवांचा पहिलाच शब्द असा आहे की यात संशय नाही, मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे. अभ्यास आणि वैराग्य ही पुढची ओळ. मी मात्र आईला पुढची ओळ आधी सुनावली. तीसुद्धा माझ्या पदरची.

एक अडचण उरतेच, ती लपवत नाही. प्रत्येक कुरकुरीमागे काही जळत असतं असं नाही. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ पार्किंगवरून रोज भांडतात, आणि माझी खात्री आहे की त्यांच्या मागे काहीही तापलेलं नाही. सगळ्यांचंच झाकण उघडून बघायला दिवस पुरणार नाही. मग कुणाचं ऐकायचं? मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. एवढं कळलं की मी आवाज मोजत होतो तो मला किती त्रास होतो त्यावरून. बोलणाऱ्याला आत काय होतंय हे त्या मोजमापात कुठेच नव्हतं. आणि कायम बोलणारं माणूस एकाएकी गप्प झालं, तर मी आधी खूश होतो. ती खुशी हल्ली मला संशयास्पद वाटते.

लॅपटॉप न घेताच घरी गेलो. आई ओट्याला टेकून उभी होती. विचारलं, जिना चढताना अजून होतं का गं? ती म्हणाली, "आता मी खाली उतरतच नाही फारशी." भाजी शेजारच्या काकू आणून देत होत्या. तीन आठवडे. मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. बायकांचं हिमोग्लोबिन साधारण १२ च्या वर हवं, तिचं ७.९ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्या जोडीने चहा घेऊ नका म्हणाले, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. आणि या वयात इतकं कमी का झालं ते शोधायला हवं, म्हणून पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या चालू आहेत. एक रिपोर्ट बुधवारी यायचाय.

नवा पंखा बसवून, आतली पेस्ट बदलून १,२५० रुपये झाले. ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. लॅपटॉप पाटावर असतो, देवघरापासून चार हात लांब. वाचताना सूं-सूं अजून जाते तुमच्याकडे, ताईंनी सांभाळून घ्यावं.

आज सकाळी माझी पाळी चालू होती, पस्तिसावा श्लोक. आतून आई म्हणाली, "अरे, जरा येतोस का? चक्कर आल्यासारखं वाटतंय." मी माझा माइक बंद केला आणि उठलो. पुढचा श्लोक कुणी वाचला ते मला ठाऊक नाही.