कापलेली निळी वायर

पावसाळा लागला आणि काकांची गाडी रात्री-अपरात्री बोंबलू लागली. अलार्म बाहेरून बसवून घेतलेला, त्याला काच फुटल्याचं ओळखणारा सेन्सर. सोसायटीत झोपमोड, सकाळी लिफ्टमध्ये टोमणे.

पहिल्या गॅरेजवाल्याने सेन्सरवरचा स्क्रू पार उलटा फिरवून त्याचा कान बारीक केला. फरक पडला नाही. मग नवा सेन्सर बसवला, त्याचाही स्क्रू तसाच फिरवला, तरी तोही ओरडला. शेवटी त्याने सेन्सरची निळी वायर कापली, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "झालं काका, आता निवांत झोपा." सोसायटी खूश. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलं की तक्रार मिटली असं मानायची आपल्याला सवयच आहे.

दिवाळीच्या सुमारास हॉर्न बिघडला म्हणून काका नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले. डॅशबोर्डखाली हात घालताच मिस्त्रींच्या बोटाला ती टेप लागली.

"साहेब, ही कुणी तोडली?"

"राहू द्या मिस्त्री, फार ओरडतो तो."

"ओरडणं त्याचं कामच आहे. का ओरडतो ते बघू की."

ते समजावू लागले. सेन्सरमध्ये बारीक माइक असतो. आधी काचेवरचा जड धक्का आणि लगेच फुटण्याची किणकिण, दोन्ही लागोपाठ ऐकू आली तरच तो निळी वायर क्षणभर अर्थला जोडतो आणि सायरन वाजतो. लाल वायर बारा व्होल्टची, काळी अर्थची. म्हणजे त्याचा सगळा निरोप अर्थच्या भरवशावर.

मिस्त्रींनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं सेन्सरच्या काळ्या वायरला, आणि अलार्म चालू केला. आकडा शून्याजवळ हवा होता. वायर जरा हलवली की तो एक व्होल्टच्या वर उडायचा. काळी वायर जिथे बॉडीला कसली होती तिथला स्क्रू रंगावरच पिळलेला. ओल धरून खाली गंज चढला होता. अर्थ तुटायचा, परत यायचा, आणि दर खेपेला दचकून जागा झालेला सेन्सर काच फुटल्याची खूण द्यायचा.

पॉलिश पेपरने रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, नवं थिंबल दाबलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. निळी वायर जोडली. स्क्रू पुन्हा मध्यावर आणला, कारण त्या बारीक केलेल्या कानाला खरी काच फुटलेलीही ऐकू गेली नसती. मग काचेवर मुठीचा ठोसा आणि लगोलग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. सायरन वाजला. नुसता ठोसा मारला, तर गप्प.

काकांनी डिकीतून जुना, काढून टाकलेला सेन्सर आणून दाखवला. मिस्त्रींनी तोही जोडून पाहिला. तो पहिल्यापासून ठणठणीत होता.