थाळनेरचे अरब, बसऱ्याचे मराठे

तोरणमाळचं पठार उतरून शहाद्यावरून पूर्वेकडे गेलं की शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर लागतं. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं हे जुनं ठाणं. त्यांच्या कबरी आजही इथे आहेत. १३९९ मध्ये वारलेला मलिक राजा इथेच पुरला आहे. याच गावच्या किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सुमारे तीनशे शिपाई कापले गेले. बहुतेक अरब. इतिहासात त्यांची नोंद आहे ती फक्त आकड्यात.

त्याआधी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता आणि ६ जानेवारीच्या मंदसौर तहानं त्यांचा थाळनेरसह खानदेशातला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. किल्ल्यात पहाऱ्यावर असलेल्यांना त्या तहाबद्दल कोण विचारणार? ब्रिटिश सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज आली, तोफा डागल्या गेल्या, किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही गोरे अधिकारी मोजक्या माणसांनिशी आत शिरले. आतल्या दरवाजाशी अरबांशी बोलणं चालू असतानाच भडका उडाला आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. मग चिडलेल्या फौजेनं आत कोणालाही सोडलं नाही. किल्लेदाराला हिस्लॉपनं फाशी दिलं. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात वाद झाला तो प्रामुख्यानं या फाशीचा.

या अरबांना आपण ‘भाडोत्री’ म्हणून मोकळे होतो. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. येमेनमधल्या हद्रमौतच्या कोरड्या दऱ्यांतून ही माणसं समुद्र ओलांडून येत, जमादाराच्या हाताखाली पेशवे, गायकवाड, निजाम, होळकर यांच्या चाकरीत राहत. त्यांना इथल्या शिपायापेक्षा जास्त पगार मिळे, कारण धनी कचरला तरी ते जागा सोडत नसत. कित्येक इथेच राहिले. मराठवाड्यातली चाऊस घराणी त्यांच्याच वंशाची. आणि समोरच्या बाजूला कोण होतं? तेही पगारीच. १८३० साली ब्रिटिश सैन्यात शंभरातले चाळीसहून अधिक शिपाई आयरिश होते. ज्या राजवटीनं त्यांचा देश दाबून धरला होता, तिचाच लाल डगला भुकेपायी अंगावर चढवून ते इतरांचे देश जिंकायला निघत. हद्रमौतचा अरब आणि आयर्लंडचा शेतमजूर, दोघांनाही घराबाहेर काढलं ते दारिद्र्यानं. एकाला भाडोत्री आणि दुसऱ्याला सैनिक म्हणायचं, हा भेद जिंकणाऱ्याच्या दप्तरात तयार झाला आणि आपण तो तसाच उचलला.

पुढे शंभर वर्षांत हे चक्र उलटं फिरलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनला त्यांची माणसं पडली, कुतच्या वेढ्यात उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. कैदेच्या वाटेवर आणखी कितीतरी मेले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीची नावं आणि मृतांचे आकडे. साताऱ्या-रत्नागिरीकडचा गडी अरबांच्या भूमीत आकडा होऊन राहिला, जसा अरब आपल्या तापीकाठी राहिला होता. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

ती माफी आपल्याला योग्य वाटत असेल, तर तोच न्याय थाळनेरलाही लागू होतो. शाळेतल्या इतिहासात १८१८ म्हणजे पेशवाईचा अंत, कोरेगाव, आष्टी. त्यात थाळनेरचं पान नाही. या किल्ल्याची माहिती देणारा फलक लिहायचा झाला, तर त्यावर फारुकींच्या आणि तुळशीरामाच्या नावांबरोबर या तीनशे जणांचा उल्लेख हवा: ते कुठून आले, कोणाच्या चाकरीत होते आणि बोलणी चालू असताना काय घडलं. दोन-तीन ओळी पुरतील.