दुःखाचा वापर

फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची ‘बेअरटाउन’ ही कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली, अनेक भाषांत गेली, २०२० मध्ये तिच्यावर मालिकाही आली. ‘धाडसी’ हे विशेषण तिला हमखास लावलं जातं. मला ती आवडली नाही. विषय भीषण आहे म्हणून नव्हे. लेखकाने त्याचा वापर फार सफाईने केला आहे म्हणून.

जंगलाच्या कडेचं, रोजगार आटत चाललेलं गाव. सगळी भिस्त बर्फावरच्या हॉकीवर. ज्युनिअर संघ जिंकला, तर गावात हॉकीची अकादमी येईल, पैसा येईल, ही आशा. संघाचा हुकमी खेळाडू केविन हा क्लबच्या व्यवस्थापकाच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर, मायावर, बलात्कार करतो. अंतिम सामन्याच्या दिवशी पोलीस त्याला संघाच्या बसमधून उतरवतात. संघ हरतो आणि गाव मुलीवर उलटतं. इथवर बॅकमन अचूक आहे. सफाई कामगार आईचा मुलगा अमात या गुन्ह्याचा साक्षीदार असतो. त्याच्या मौनाची बोली लावली जाते, तो प्रसंग तर उत्तमच. खेळात गुणवत्तेलाच मोल असतं, या भाबड्या समजुतीला तिथे तडा जातो.

पण कादंबरी सुरू कशी होते? कोणीतरी कोणाच्या तरी कपाळावर बंदूक टेकवून चाप ओढतं. कोण, कोणावर, का, हे कळायला जवळजवळ शेवट गाठावा लागतो. म्हणजे एका मुलीच्या यातना आधी कोडं म्हणून आपल्यासमोर येतात. पुढे तिच्या मनात आपण शिरतो न शिरतो, तोच निवेदक गाव, निष्ठा, प्रेम यांविषयी एखादं सुभाषित ऐकवतो. वाचक त्या वाक्याखाली रेघ मारतो; माया मागे राहते.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. तिथेही चारचौघं मिळून एका बाईचा न्याय करतात, तोही खेळ म्हणून. पण ती बाई, बेणारे, बोलू लागते तेव्हा नाटककार मध्ये तोंड घालत नाही. रंगमंचावर तिचं कोणी ऐकत नाही. ऐकण्याची जबाबदारी सरळ प्रेक्षकावर येते. बॅकमन ती जबाबदारी आपल्यावर येऊच देत नाही. अर्थ तोच सांगतो, दिलासाही तोच देतो.

शेवट तर फारच सोयीचा. कायदा हात टेकतो, मग माया बंदूक उचलते. चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही, केविन आयुष्यभराची भीती घेऊन उरतो. वाचकाचा संताप शमतो आणि क्लबचे आश्रयदाते, गप्प बसलेले पालक यांचा हिशेब मात्र या एका क्षणाच्या आड जातो. प्रत्यक्षात असा हिशेब मागितला गेला आहे : अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात, जानेवारी २०१८ मध्ये, दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया मिशिगनच्या न्यायालयात एकामागून एक बोलल्या. त्यांनी गुन्हेगाराबरोबरच त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थांनाही जाब विचारला. खेळातल्या अत्याचाराचं खरं स्वरूप तिथे दिसतं : तो एका माणसाचा गुन्हा असतो आणि अनेकांची सोय.

ही सोय बॅकमनला दिसली होती. तिचा पाठपुरावा त्याने शेवटपर्यंत केला नाही. ‘बेअरटाउन’ ही खेळाच्या वेडावरची चांगली कादंबरी आहे. बलात्कारावरची नाही.