हृदयाची जोखीम आणि हजेरीपट

कारखान्यातल्या आरोग्य तपासणीचा फॉर्म एकदा नीट वाचून पाहावा. नाव, वय, उंची, वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल. तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला हृदयविकार होता का. खाली डॉक्टरांची सही आणि ठरलेला सल्ला: तेल-मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला, टेन्शन घेऊ नका. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी असे जे फॉर्म पाहिले, त्यांत माणसाच्या शरीराची चौकशी होती, सवयींचीही होती. गेल्या महिन्यात नाइट किती लागल्या, ओटी (ओव्हरटाइम) किती तास झाली, डबल ड्युटी करून आलात का, परमनंट आहात की ठेकेदाराकडून, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. ही माहिती कारखान्याकडे नसते असं नाही. पंचिंगच्या यंत्रात ती मिनिटामिनिटाच्या हिशेबाने असते, कारण पगार तिच्यावरच निघतो. डॉक्टरांच्या टेबलापर्यंत तेवढी ती पोचत नाही.

कामगाराच्या हृदयाला असलेल्या धोक्याचा मोठा वाटा त्या हजेरीत नोंदलेला आहे, असं मला वाटतं. तो वगळून दिलेला सल्ला अपुरा ठरतो, आणि पुष्कळदा अन्यायाचाही.

हृदयविकाराची ‘जोखीम’ मोजण्याची पद्धत ज्या गावातून आली, ते अमेरिकेतलं फ्रेमिंगहॅमही कामगार वस्तीचंच गाव. १९४८मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा झटक्याशी असलेला संबंध वर्षानुवर्षांच्या मोजणीतून पुढे आला. हे काम फार मोठं आहे. आज आपण जी गोळी घेतो तिच्यामागे ते उभं आहे. पण त्यातून धोका माणसाच्या आतच शोधायची सवय लागली. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास वेगळ्या दिशेने शोध चालला होता. जेरी मॉरिस यांनी १९५३मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. कंपनी तीच, रस्ते तेच. दिवसभर जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी चालवणाऱ्यांना जास्त. पुढे मायकल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या माणसांचा हृदयविकाराने होणारा मृत्यू सगळ्यांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघाला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं, तरी निम्म्याहून जास्त फरक उरतच होता. हाताखाली किती माणसं आहेत, स्वतःच्या कामाचा वेग स्वतःला ठरवता येतो की नाही, याचाही हृदयाशी संबंध लागतो हे तिथे ठसठशीत दिसलं.

आपल्याकडचं चित्र यापेक्षा कठीण आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या रुग्णांची आकडेवारी वेगळी काढली आणि २००७मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या झटक्याचं सरासरी वय इतर देशांत ५८.८ वर्षं, आपल्याकडे ५३. म्हणजे पुष्कळ रुग्णांना झटका आला तो नोकरीत असताना, मुलं शिकत असताना, घराचे हप्ते चालू असताना. त्याच अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. महाराष्ट्रात धूर नसलेली तंबाखू खाणारे प्रौढ २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत २४.४ टक्के होते, म्हणजे चौघांत एक. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे आता पुडीवरच्या चित्रामुळे सगळ्यांना माहीत आहे. हृदयाचं कुणी सांगत नाही.

मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचं काम मराठी वाचकाने समजून घ्यायलाच हवं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीचा. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा याची सुरुवात पोटातच होते हे लक्षात आलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास जन्मत होती. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हाडं-स्नायू फार कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आया पोटभर खात नव्हत्या आणि शेतात राबत होत्या. पुढे हीच मुलं शहरात आली, बसून खाऊ लागली, की मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात.

सातपूरची वस्ती कशी झाली ते आठवलं की हे संशोधन अंगावर येतं. साठच्या दशकापासून त्र्यंबक रस्त्यालगत कारखाने उभे राहिले. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून, खानदेशातून माणसं आली. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर त्यांनीच भरलं. त्यांतल्या अनेकांच्या आया दुष्काळात राबलेल्या. ते ज्या शरीरानिशी मशीनसमोर उभे राहिले, त्याची घडण त्यांच्या हातात नव्हती. अशा माणसाला चाळिशीत साखर निघाली की ‘खाण्यावर ताबा नाही’ म्हणून मोकळं होणारे लोक मला निष्ठुर वाटतात.

आता थर्ड शिफ्टकडे, म्हणजे रात्रपाळीकडे, येऊ. रात्री रक्तदाब दिवसापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ती विश्रांती असते. शरीराचं घड्याळ पेशीपेशीत चालतं, आणि त्याच्या शोधाला २०१७चं नोबेल मिळालं. रात्री स्वादुपिंडही मंदावतं, म्हणून दुपारी दोनला खाल्लेल्या भाताने जेवढी साखर वाढते त्यापेक्षा पहाटे दोनला खाल्लेल्या भाताने जास्त वाढते. पाळी दर आठवड्याला फिरली की मेंदूतलं घड्याळ एका वेळेला आणि यकृताचं दुसऱ्याच वेळेला, असं होऊन बसतं. जगभरच्या अभ्यासांचा २०१२मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त आढळलं.

पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला प्रेस शॉपमध्ये काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. जेवणाची सुट्टी होऊन गेलेली असते, डोळे मिटत असतात, आणि समोरच्या प्रेसमध्ये हात घालायचा असतो. डुलकी लागली तर बोटं जातील. मग खिशातली डबी निघते, तळव्यावर चुना-तंबाखू मळली जाते, शेजारचा हात पुढे करतो, चिमूट गालात जाते. त्या घटकेला ती तंबाखू चैनीची नसते. जागं राहून बोटं वाचवायचं ते साधन असतं. निकोटिनने नाडी वाढते, रक्तवाहिन्या आखडतात, आणि माणूस जागा राहतो. तपासणीच्या फॉर्मवर मात्र ती ‘सवयी’च्या रकान्यात जाते. व्यसनमुक्तीचं व्याख्यान देणाऱ्याने पहाटेचं हे गणित आधी सोडवून दाखवावं. वीस मिनिटांची झोप अधिकृतपणे द्यायला कारखाना तयार आहे का, हा खरा प्रश्न आहे.

रात्रीच्या जेवणाबद्दल अलीकडे एक महत्त्वाचा प्रयोग झाला. अमेरिकेत २० निरोगी तरुणांना दोन आठवडे प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. अर्ध्यांनी रात्री आणि दिवसा खाल्लं, उरलेल्यांनी फक्त दिवसा. एप्रिल २०२५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोपेची उलथापालथ दोन्ही गटांत सारखीच होती, पण रक्त गोठण्याशी संबंधित घटकांत आणि हृदयाच्या नियंत्रणात झालेला बिघाड रात्री खाणाऱ्यांतच दिसला. वीस माणसांवरून कायदा करता येत नाही, हे खरं. तरी कँटीनचं वेळापत्रक बदलून पाहायला एवढा पुरावा पुरे आहे: रात्री अकराच्या आत पूर्ण जेवण, मध्यरात्रीनंतर भाताचं ताट नको, वाटल्यास ताक आणि मूठभर शेंगदाणे.

कँटीनचा मुद्दा मी उगाच आणलेला नाही. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवणं नव्या कामगार संहितेने बंधनकारक आहे. म्हणजे शेकडो माणसांच्या ताटातलं मीठ एकाच स्वयंपाकघरात ठरतं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं गेलं. पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे मीठ चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते आणावं लागेल. पण घरोघरच्या बायकांना ‘लोणचं-पापड बंद करा’ म्हणत फिरण्यापेक्षा कँटीनच्या ठेकेदाराच्या करारात एक ओळ घालणं कितीतरी सोपं आहे.

कामाच्या ठिकाणी असं काही करून फरक पडतो का? पडतो. डॉ. श्रीनाथ रेड्डी आणि डॉ. दोराईराज प्रभाकरन यांच्या पुढाकाराने देशातल्या निरनिराळ्या उद्योगांत कामगार आणि त्यांच्या घरच्यांची पाहणी झाली. जवळपास २० हजार लोकांच्या त्या आकडेवारीत तंबाखू आणि उच्च रक्तदाब कमी शिकलेल्यांत जास्त निघाला. हृदयविकार हा साहेबांचा आजार, ही समजूत तिथे मोडली. त्यातल्या काही उद्योगांमध्ये नंतर आहार, व्यायाम, तंबाखू आणि कँटीन अशा सगळ्या बाजूंनी कार्यक्रम राबवला, तेव्हा रक्तदाब आणि साखर उतरली. जिथे काही केलं नाही तिथे वाढली. २००९मध्ये हे छापून आलं. आपल्या औद्योगिक वसाहतींत ते किती जणांनी वाचलं असेल, याचा विचार करून वाईट वाटतं.

कामाच्या तासांचं धोरण तर पुराव्याच्या उलट दिशेने चाललं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मिळून हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. ठेकेदाराकडून आलेला पोरगा, ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही याची खात्री नाही, तो संमतीच्या कागदावर काय लिहिणार? परमनंट माणूसही दुप्पट दराच्या ओटीवर प्लॉटचा हप्ता बसवून बसलेला असतो. या निर्णयावर गुंतवणूक आणि रोजगार या अंगाने पुष्कळ बोललं गेलं. रक्तदाबाच्या अंगाने बोलणारे फार थोडे होते.

तरुण माणूस अचानक गेला की चहाच्या टपरीवर आजही कामाच्या तासांऐवजी कोविडच्या लसीचं नाव निघतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला आणि लसीमुळे धोका वाढला नाही हे २०२३मध्ये दाखवून दिलं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत घराण्यातला आकस्मिक मृत्यू आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांतलं अति मद्यपान होतं. घराण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो: भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४मध्ये लिपोप्रोटीन-ए या रक्तातल्या चरबीच्या कणाची तपासणी प्रत्येकाने आयुष्यात एकदा करावी असं सुचवलं आहे. ते आनुवंशिक असतं, चालण्याने किंवा पथ्याने फारसं बदलत नाही, आणि ज्याच्या रक्तात ते जास्त आहे त्याने बाकीच्या गोष्टी लवकर आणि कडकपणे सांभाळायच्या असतात.

वैद्यकशास्त्र स्वतः आता शरीराबाहेर पाहू लागलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३मध्ये आणलेल्या जोखीम-गणितात पिनकोड घालण्याची सोय आहे. त्या भागातली गरिबी, घरं, शिक्षण यांवरून धोका वर-खाली होतो. ब्रिटनमध्ये तर हे आधीपासूनच आहे. आपल्याकडे ४२२००७ हा आकडा टाकून सातपूरकराचा धोका सांगेल असं गणित नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती कुणी एकत्र केलेली नाही. ती एकत्र करण्याची जागा मात्र तयार आहे. सातपूरला राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे, आणि योजनेत चाळिशीवरच्या विमाधारकांसाठी वार्षिक तपासणीची तरतूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी चाळिशीनंतरची मोफत वार्षिक तपासणी मालकाची जबाबदारी केली. त्या फॉर्मवर चार रकाने वाढवायचे आहेत: वर्षातल्या रात्रपाळ्या, ओव्हरटाइमचे तास, सलग ड्युट्या, नोकरीचा प्रकार. आकडे हजेरीच्या संगणकातून थेट घ्यावेत, कामगाराला विचारू नयेत. निष्कर्ष विभागवार, नावं काढून, सुरक्षा समितीसमोर ठेवावेत. अमुक शॉपमध्ये रक्तदाब जास्त निघतो असं दिसलं, तर तिथला आवाज, उष्णता आणि पाळ्यांचं चक्र तपासता येईल.

याची निकड न्यायालयात कळते. वाहनावर क्लीनरचं काम करणाऱ्या तरुणाचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाल्याचं एक प्रकरण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध दावा करणाऱ्याने दाखवला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. तो पुरेसा दिसला नाही आणि भरपाई नाकारली गेली. कायद्याच्या दृष्टीने पुरावा मागणं बरोबरच आहे. पण थर्ड शिफ्ट करून घरी आल्यावर कोसळलेल्या माणसाच्या बायकोने तो आणायचा कुठून? नवऱ्याने किती रात्री जागवल्या याची नोंद कंपनीकडे, रक्तदाबाची नोंद डॉक्टरांकडे, आणि तिच्या हातात फक्त मृत्यूचा दाखला. या दोन नोंदी एका कागदावर याव्यात, आणि त्याची एक प्रत दरवर्षी कामगाराच्या घरी जावी, एवढी मागणी सातपूरमधल्या प्रत्येक युनियनने पुढच्या करारात घालावी.