पदकाची मागची बाजू



मागच्या महिन्यात संध्याकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातला कॉलेजमध्ये शिकणारा एक मुलगा सॅक्रिस्तीच्या दाराशी थांबला होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर एका जुन्या पदकाचे दोन फोटो होते. एका बाजूला पोप तेरावे ग्रेगरी यांचा चेहरा. दुसऱ्या बाजूला एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार घेतलेला देवदूत आणि त्याच्यापुढे मारली जाणारी माणसे. "फादर, हे खरं आहे का?" त्याने विचारले.

"खरं आहे," मी म्हणालो. पण लगेच पुढे जोडले, "तो काळच वेगळा होता." मुलगा काही न बोलता निघून गेला. मला मात्र माझेच वाक्य टोचत राहिले. त्याने माहिती विचारली होती आणि मी वकिली केली होती. म्हणून आज हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपण गळ्यात घालतो तसले हे भक्तीचे मेडल नव्हे. हे स्मृतिपदक आहे. पंधराव्या शतकापासून युरोपात राजे, पोप, बिशप यांच्या सन्मानार्थ अशी पदके घडवली जाऊ लागली. पुढे चेहरा, मागे कार्य किंवा एखादी मोठी घटना, अशी त्यांची साधारण रीत. पोप हे रोमचे बिशप. त्यांच्या पदकांची परंपरा फार मोठी आहे.

या पदकावर १५७२ हे वर्ष आहे. त्या वर्षी २४ ऑगस्टला, प्रेषित संत बार्थोलोम्यू यांच्या सणाच्या दिवशी, पॅरिसमध्ये ह्युगेनॉट म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली. राजघराण्यातील लग्नासाठी त्यांचे पुढारी शहरात जमले होते. अ‍ॅडमिरल कोलिन्यी यांना त्यांच्या मुक्कामीच ठार केले गेले. मग हे लोण इतर शहरांत पसरले. फ्रान्सभरातील मृतांचे अंदाज ५,००० पासून ३०,००० पर्यंत जातात. जे प्रेषित शुभवार्ता घेऊन आपल्या कोकण किनाऱ्यावर आले अशी परंपरा आहे, त्यांच्याच सणाला हे घडले.

राजाविरुद्धचा कट उधळला गेला, अशा स्वरूपात ही बातमी रोमला पोहोचली. तिथे उपकारस्तुतीचे गीत गायले गेले, व्हॅटिकनमध्ये चित्रकार वसारी यांनी या घटनेची भित्तिचित्रे काढली आणि फेदेरिको बोन्झान्यी या कारागिराने हे पदक घडवले. त्यावरील लॅटिन शब्दांचा अर्थ सरळ आहे: ह्युगेनॉटांची कत्तल.

हेच पोप ग्रेगरी आपल्याला आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवेत. १५८२ साली त्यांनी कालगणना सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर त्यांचेच. आपले कित्येक धर्मगुरू रोमला ज्या ग्रेगोरियन विद्यापीठात शिकून येतात, त्याला त्यांचेच नाव आहे. कालगणनेच्या सुधारणेचेही पदक निघाले. चेहरा तोच, मागची बाजू वेगळी. मग या माणसाचा सन्मान करायचा की नाही?

त्याआधी सन्मान म्हणजे काय ते पाहू. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. संत थॉमस अक्वायनस त्याच विचाराला पुढे नेतात: मान ही एखाद्याच्या ठायी असलेल्या चांगुलपणाची साक्ष आहे. चांगुलपणा आधी, साक्ष नंतर. धातूवर कोरल्याने वाईट कृत्य चांगले होत नाही. फक्त साक्ष खोटी ठरते. म्हणजे हा विषय आठव्या आज्ञेत येतो. आणि धातूतली खोटी साक्ष बोललेल्या शब्दासारखी विरून जात नाही. साडेचारशे वर्षांनी ती एका मुलाच्या मोबाइलवर येऊन उभी राहते.

"काळ वेगळा होता" यात तथ्य नाही असे नाही. बातमी अर्धवट होती, धर्मयुद्धांनी मने कडवट झाली होती. त्यामुळे माणसाचा दोष कमी-अधिक ठरू शकतो. तो न्याय देवाकडे. पण शस्त्र म्यानात घालण्याची प्रभूची आज्ञा तेव्हाही शुभवर्तमानात होतीच. ती ज्याला दिली गेली, तो पेत्र तर रोमचा पहिला बिशप!

मग पदक दडवावे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी तसे केले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये पॅरिसला जगभरच्या तरुणांसमोर त्यांनी या कत्तलीचा उल्लेख केला आणि ख्रिस्ती लोकांनी शुभवर्तमान ज्याचा धिक्कार करते ते केले, असे कबूल केले. १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या महामंदिरात त्यांनी सत्याच्या नावाने केलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली. यामुळे ख्रिस्तसभेवरचा माझा विश्वास ढळला नाही, उलट दृढ झाला.

खरे तर हे आपल्याला नवीन नाही. पवित्र आठवड्यात आपण दुःखसहनाचा वृत्तांत मोठ्याने वाचतो. त्यात पेत्र तीन वेळा प्रभूला नाकारतो. त्या पेत्राला आपण संत म्हणतो आणि त्याचा नकारही वगळत नाही. त्याची दुसरी बाजू त्याच्या सन्मानातच आहे.

आपल्याकडेही रौप्यमहोत्सव होतात, सत्कार होतात, मानपत्रे वाचली जातात, मृतांसाठी चार शब्द लिहिले जातात. ते जरूर व्हावे. मात्र लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारूया: या व्यक्तीमुळे ज्याला झळ पोहोचली, तो समोर बसला असताना मला हे वाचता येईल का? कोलिन्यींच्या विधवेपुढे ते पदक कुणी ठेवू शकले असते का? माझ्या सत्काराच्या वेळीही तुम्ही हाच प्रश्न विचारावा, ही विनंती.

आणि त्या मुलाला सांगायचे आहे: बाळा, त्या संध्याकाळी तुझा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर अपुरे होते. रविवारी मिस्सानंतर ये, आपण पुन्हा बोलू.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू