संथ नौकेचा धर्म

कुलाब्यात बांधलेली, सागवानी, जेमतेम 32 फुटांची 'सुहैली' आजच्या शर्यतींच्या कसोटीवर सपशेल नापास होईल. आराखडा विल्यम ॲटकिनचा, जुन्या नॉर्वेजियन वळणाचा. दोन्ही टोकं निमुळती, तळाचा कणा लांबलचक. त्यामुळे ती वळते सावकाश आणि वाऱ्याविरुद्ध रडतखडत जाते.

मग तिला चांगली म्हणावं का?

1968 साली गोल्डन ग्लोब स्पर्धेत नऊ जण एकेकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या 'सुहैली'ला वाटेतच गळती लागली. त्यांनी पाण्यात बुडी मारून फळ्यांच्या फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी ठोकली. पुढे स्वयंचलित सुकाणूयंत्र मोडलं. तेव्हा शिडांचा तोल साधताच नौका आपली दिशा धरून चालू लागली. वळायला जड करणारा तोच लांब कणा इथे कामी आला. म्हणजे गुण कोणता आणि दोष कोणता, हे नौकेच्या अंगावर लिहिलेलं नसतं. प्रवास कोणता, यावर ते ठरतं.

पण प्रवास तरी कोण ठरवतं? 22 एप्रिल 1969 रोजी फाल्मथला एकटी 'सुहैली'च परतली. तिच्याहून वेगवान 'जोशुआ'चे बर्नार मॉइतेसिए यांनी शर्यत अर्ध्यावर सोडली होती आणि ते ताहितीच्या वाटेला लागले होते.