अब्रूची भरपाई

आमच्या मंदिराशी अनेक वर्षांचा ऋणानुबंध असलेल्या एका गृहस्थांनी सात महिन्यांपूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारला. गृहस्थ निवृत्त शिक्षक. अन्नछत्राच्या जमाखर्चाच्या वह्या त्यांच्याकडे. एका लग्नाच्या पंगतीत, शंभर पाने मांडलेली असताना, एका सधन सभासदाने त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटले, “देवाच्या पैशावर यांनी घरावर माडी चढवली.” पंगत क्षणभर थबकली, आणि मग वाढप पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. म्हणाले, “या माणसावर पैशाचा दावा लावला, तर मी माझी अब्रू विकायला काढली असे होईल काय?”

आम्ही सवयीने उत्तर दिले, “सोडून द्या हो, देव पाहतो आहे.” ते नमस्कार करून निघून गेले. त्यानंतर देवळाची पायरी ते चढलेले नाहीत. आपल्या उत्तराचा फेरविचार करणे आम्हांस भाग पडले, तो असा.

निंदा सोसावी, ही संतांची शिकवण आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पैठणास नाथमहाराज गोदास्नान करून परतत असता एकजण त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकत राहिला आणि नाथ तितक्याच वेळा शांतपणे स्नानास गेले, ही कथा आपण मुलांना सांगतो. परंतु त्या कथेतील एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. ज्यांच्या अंगावर थुंकी पडली, क्षमा त्यांनीच केली. घाटावर कोरडे उभे राहून “सोडून द्या” म्हणणारा कोणी त्या कथेत नाही. आम्ही जे केले ते नाथांचे अनुकरण नव्हते. घाटावरच्या त्या बघ्याचे काम होते.

आणि शब्दाचा घाव क्षुल्लक असतो, असे तरी आपल्या परंपरेने कोठे मानले आहे? कर्णपर्वात धर्मराज अर्जुनाच्या गांडीवाची निर्भर्त्सना करतो. तसे करणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असल्यामुळे तो खड्ग उपसतो. श्रीकृष्ण वाट काढतो ती अशी, की वडील भावाला ‘तू’ म्हणून टाकून बोल. मान्य पुरुषाचा अवमान म्हणजे शस्त्रावाचून केलेला वधच होय. ज्या ग्रंथात अपमानाला वधाच्या पंक्तीस बसवले आहे, त्याच्या वाचकांनी अपमानिताला “एवढे काय मनावर घेता” म्हणावे, हे नवलच.

धर्मशास्त्रांतही वाक्पारुष्य हे अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. आंधळ्याला आंधळा, लंगड्याला लंगडा असे हिणवले, तर ते खरे असले तरी मनूने दंड सांगितला आहे. (त्याच ठिकाणी वर्णावर्णांत दंडाची चढउतार आहे, खालच्या मानलेल्या माणसाचा अपमान स्वस्त आणि वरच्याचा महाग, हे गणित आज कोणी मांडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.) मात्र तो दंड राजाच्या खजिन्यात जाई, अपमानिताच्या पदरात नव्हे. आपल्या जुन्या मंडळींना अब्रूच्या बदल्यात पैसा घेण्याचा जो संकोच वाटतो, त्याचे एक मूळ कदाचित येथे असेल.

आजचा कायदा दोन दारे ठेवतो. एक फौजदारी. 1860 च्या दंडसंहितेतील हे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत गेले आहे. दुसरे दार दिवाणी, म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. तो एका वर्षाच्या आत लावावा लागतो, बहुतेक ठिकाणी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि फिर्यादी निकालापूर्वी वारला तर दावाही त्याच्याबरोबर संपतो. घरचे लोक तो पुढे चालवू शकत नाहीत.

या दोन्ही दारांशी लोकमान्य टिळकांची गाठ पडली होती, आणि तीही दोन्ही बाजूंनी. 1882 साली कोल्हापूरच्या दिवाणांवर आरोप करणारी पत्रे खरी मानून छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पत्रे बनावट निघाली होती. 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे सुटले. पुढे टिळक मंडालेस असताना, 1910 साली, व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ग्रंथात त्यांच्यावर हत्याकांडांना चिथावणी देण्यापर्यंतचे आरोप छापून आले. सुटून आल्यावर टिळकांनी लंडनच्या न्यायालयात भरपाईचा दावा लावला. 1918 मध्ये ते स्वतः विलायतेस गेले आणि फेब्रुवारी 1919 मध्ये दावा हरले. खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. तो उतरवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. त्या मुक्कामात त्यांनी स्वराज्याचे कामही केले हे खरे; पण दाव्यापुरते बोलायचे तर ज्यांच्या राज्याविरुद्ध ते लढत होते, त्यांच्याच ज्यूरीपुढे त्यांनी आपली अब्रू तोलायला ठेवली होती. त्या दाव्यात पैशाचा लोभ होता असे त्यांचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही. आमच्या मते चूक असेल तर ती तराजू निवडण्यात होती.

याउलट 2008 साली एका वृत्तवाहिनीने एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशाच्या जागी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. चित्र पडद्यावर काही क्षणच होते. 2011 साली पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटी रुपयांची भरपाई ठरवली. रकमेबद्दल मतभेद होऊ शकतो. आम्हांलाही ती फार वाटते. पण लक्षावधी घरांत शिरणाऱ्या यंत्रापुढे एकट्या माणसाने “सोडून द्या” म्हणावे, हा उपदेश करण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. बलिष्ठाला क्षमा मागण्याची सवय नसते. आकडा मात्र त्याला वाचता येतो.

तेव्हा आमचे आताचे मत असे. नुसत्या शिवीसाठी, रागाच्या भरात निघालेल्या शब्दासाठी कोर्टाची पायरी चढू नये. त्यात शिवीच दहा वर्षे जिवंत राहते आणि तारखेगणिक नवी होते. परंतु खोटा आरोप, तोही माणसाच्या सचोटीवर, आणि बोलणारा तो परत घ्यायला तयार नसेल, तर पैसे मागण्यात कमीपणा नाही. ती अब्रूची किंमत नव्हे. दिवाणी कोर्टाजवळ मुख्यतः देण्यासारखे तेवढेच नाणे आहे, म्हणून ते मागायचे. मिळालेली रक्कम घरात ठेवायची की अन्नछत्रात घालायची, हा पुढचा आणि ज्याचा त्याचा प्रश्न.

त्यापूर्वी एक तिसरे दार असावयास हवे होते, आणि ते उघडणे आमचे काम होते. ज्या शंभर माणसांनी तो आरोप ऐकला, त्यांच्यापैकी एकानेही “वह्या पाहू या” असे म्हटले नाही. त्या पंगतीत आम्हीही जेवत होतो. जिलबी वाढली जात होती, आणि आम्ही पानाकडे पाहिले.

मागील आठवड्यात आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि हे सर्व त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन अकरा वर्षांच्या वह्या आणल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. त्या आता समितीच्या कपाटात असून तपासणीस दोन सभासद नेमले आहेत. अहवाल सर्वांसमक्ष वाचावयाचा असे ठरले आहे. आरोप करणाऱ्या गृहस्थांना त्या सभेचे निमंत्रण गेले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. दाव्याच्या मुदतीचे पाच महिने उरले आहेत, आणि दावा लावू नका असे आम्ही त्यांना या खेपेस म्हटलेले नाही.